तीन वाजले, सांगली गेली

भाजपची सांगली ४ जून २०२४ ला गेली असं लोक म्हणतात. मला विचाराल तर ती सहा आठवडे आधीच, २२ एप्रिलला दुपारी ३ वाजता गेली. त्या वेळी आमच्या बाजूचे बरेच जण खुशीत होते, ही त्यातली खरी गंमत. मी माधवनगरचा, उजव्या बाजूचा मतदार. तेव्हा शेजारच्याचं घर कसं जळालं हे सांगणाऱ्याचा आव मला आणता येणार नाही.

तीन वाजायला ४० दिवस. १३ मार्च, बुधवार

भाजपची दुसरी यादी आली. देशभरातली ७२ नावं, त्यांत महाराष्ट्रातली २०. सांगलीतून पुन्हा संजयकाका पाटील, म्हणजे सलग तिसऱ्यांदा. २०१४ मध्ये ते राष्ट्रवादीतून भाजपात आले आणि १९६२ पासून काँग्रेसकडे असलेली ही जागा त्यांनी प्रतीक पाटलांकडून २ लाख ३९ हजारांच्या फरकाने काढून घेतली. २०१९ ला फरक १ लाख ६४ हजारांवर आला.

हा दुसरा आकडा पक्षाच्या कार्यालयात कौतुकाने सांगितला जायचा. त्याच्या शेजारचे आकडे कुणी मोठ्याने वाचत नव्हतं. २०१९ ला काकांना ५,०८,९९५ मतं पडली. स्वाभिमानी पक्षाच्या तिकिटावर उभ्या असलेल्या विशाल पाटलांना ३,४४,६४३ आणि वंचित बहुजन आघाडीच्या गोपीचंद पडळकरांना ३,००,२३४. या दोघांची बेरीज ६,४४,८७७. म्हणजे काका निवडून आले ते विरोधकांची दोन भांडी वेगवेगळ्या चुलींवर होती म्हणून. पुढे पडळकर भाजपात आले, विधान परिषदेवर गेले, आणि ते आले म्हणजे त्यांची तीन लाख मतंही आली असं धरून चालणं सुरू झालं. नेता पक्ष बदलतो तेव्हा त्याच्याबरोबर गाडीत चार माणसं येतात. मतदार आपापल्या घरीच असतो.

यादी आली त्या दिवशीही घरात सगळं आलबेल नव्हतं. जतचे माजी आमदार विलासराव जगताप काकांच्या नावाला विरोध करत होते, आणि तो विरोध चार भिंतींआडचा नव्हता. खासदारकी दहा वर्षं एकाच घरात राहिली की तालुक्यातालुक्यात दुखावलेली माणसं साठतात. वर दिल्लीत सर्व्हे होतात, पण दुखावलेला माणूस सर्व्हेवाल्याला नीट उत्तर देत नाही.

तीन वाजायला ३२ दिवस. २१ मार्च, गुरुवार

मिरजेच्या सभेत उद्धव ठाकरे यांनी चंद्रहार पाटील यांचं नाव जाहीर केलं. भाळवणीचा पैलवान, दोनदा महाराष्ट्र केसरी, बैलगाडा शर्यतींमुळे तरुण पोरांत ओळख. शिवसेनेत येऊन त्याला दोन आठवडेही झाले नव्हते. हिशेब सरळ होता. कोल्हापूरची जागा शिवसेनेने शाहू महाराजांसाठी काँग्रेसला सोडली, त्या बदल्यात सांगली द्या.

मुंबईत बसून नकाशावर हा सौदा बरोबरीचा दिसतो. सांगलीत बसून बघा. लोकसभेत सहा विधानसभा मतदारसंघ: मिरज, सांगली, पलूस-कडेगाव, खानापूर, तासगाव-कवठेमहांकाळ आणि जत. तेव्हा मिरज आणि सांगली भाजपकडे. पलूस-कडेगाव आणि जत काँग्रेसकडे. तासगाव शरद पवारांच्या राष्ट्रवादीकडे. खानापूरचे अनिल बाबर शिंदेंबरोबर गेले होते आणि त्यांचं जानेवारीअखेर निधन झालं होतं. ठाकरेंच्या शिवसेनेचा सहांपैकी एकाही ठिकाणी आमदार नव्हता. पैलवान तगडा होता, पण त्याला तालीमच नव्हती.

पैलवान सांगलीत चालतच नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. विशाल पाटलांचे आजोबा वसंतदादा पाटील राजस्थानचे राज्यपाल होऊन गेल्यावर १९८६ च्या पोटनिवडणुकीत संभाजी पवार या पैलवानाने दादा घराण्याच्या विष्णुअण्णांना चीत केलं होतं. पण पवार हे सांगलीच्या गल्लीबोळांतून वर आलेले होते. कुणी सभेत हात उंचावून दिला म्हणून ते उमेदवार झाले नव्हते.

तीन वाजायला १३ दिवस. ९ एप्रिल, गुढीपाडवा

महाविकास आघाडीचं जागावाटप जाहीर झालं. शिवसेना २१, काँग्रेस १७, राष्ट्रवादी १०. सांगली शिवसेनेकडेच.

इथे दादा घराण्याचं दुखणं समजून घ्यायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. वसंतदादा पद्माळ्याचे. १९४३ ला सांगलीचा तुरुंग फोडणारे आणि पुढे राज्याचे मुख्यमंत्री. माधवनगर रस्त्यावरून जाताना जो साखर कारखाना लागतो, त्यावर त्यांचंच नाव आहे. मुलगा प्रकाशबापू पाच वेळा खासदार, मग नातू प्रतीक. धाकटा नातू विशाल. २०१९ ला काँग्रेसने ही जागा स्वाभिमानीला दिली, तेव्हा विशालने पंजा सोडून बॅट हातात घेतली. आता ती शिवसेनेला. सलग दुसऱ्या लोकसभेला सांगलीच्या मशीनवर पंजा नसणार होता. एकेकाळी काँग्रेसचं तिकीट मिळालं की निवडणूक संपली असं म्हणणाऱ्या जिल्ह्यात!

पलूस-कडेगावचे काँग्रेस आमदार विश्वजित कदम दिल्ली-मुंबईला खेटे घालून हात हलवत परत आले. जागा गेली कशी, यावर जिल्ह्यात एकच चर्चा. बोटं इस्लामपूरकडे, राष्ट्रवादीच्या जयंत पाटलांकडे वळत होती. दादा आणि जयंतरावांचे वडील राजारामबापू यांच्या घराण्यांतला जुना झगडा ठाऊक असलेल्यांना त्यासाठी पुरावा लागत नव्हता. जयंतरावांनी हे नाकारलं. ‘करेक्ट कार्यक्रम’ हा शब्द महाराष्ट्राला ज्यांनी दिला, त्यांच्याच जिल्ह्यात कुणाचाही कार्यक्रम झाला की नाव त्यांचं निघतं. त्याला इलाज नाही.

आमच्या बाजूला त्या दिवशी पाडव्याची खरी गोडी चाखली गेली. आघाडी फुटली, आता काका निवांत.

तीन वाजायला ७२ तास. १९ एप्रिल, शुक्रवार, दुपारी ३

अर्ज भरण्याची मुदत संपली. त्याच मिनिटाला आणखी एक मुदत संपते, जिच्याकडे सभेला जाणाऱ्या माणसाचं लक्ष नसतं. पक्षाचा ए आणि बी फॉर्म निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोचण्याची ती शेवटची वेळ. त्यावर अधिकृत पदाधिकाऱ्याची शाईची सही लागते. फॅक्स चालत नाही, रबरी शिक्का चालत नाही. भारतातल्या मोठमोठ्या पक्षांची सगळी लोकशाही या दोन कागदांत मावते. ते खिशात असतील तर तुम्ही उमेदवार, नसतील तर दादांचे नातू असूनही अपक्ष.

विशाल पाटलांनी अर्ज भरले होते. काँग्रेसचा उमेदवार म्हणूनही आणि अपक्ष म्हणूनही. एबी फॉर्म आला नाही.

तीन वाजायला ५२ तास. २० एप्रिल, शनिवार, सकाळी ११

छाननी. फॉर्मशिवायचा काँग्रेसचा अर्ज टिकणार नव्हता. अपक्षाचा टिकला. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात.

इथे जरा अमेरिकेला जाऊन येतो, कारण हा पेच तिथल्या उजव्यांनी आपल्यापेक्षा जास्त चघळलेला आहे. तिथे एबी फॉर्म नावाची गोष्ट नाही. पक्षाचा उमेदवार कोण, हे पक्षाला मानणारे साधे मतदारच प्राथमिक फेरीत मतदान करून ठरवतात. त्यावर रिपब्लिकन पक्षात कायमचं भांडण आहे. नॅशनल रिव्ह्यूचे संस्थापक विल्यम बक्ली यांचं सांगणं असं की, जो निवडून येऊ शकेल अशांपैकी सगळ्यात उजवा असेल त्याच्यामागे उभं राहा. २०१० मध्ये डेलावेअरच्या रिपब्लिकन मतदारांनी या वाक्याचा पहिला अर्धा भाग सोडून दिला. माइक कॅसल या हमखास निवडून येणाऱ्या, पण मवाळ माणसाला घरी बसवून त्यांनी क्रिस्टीन ओडॉनेल यांना उभं केलं, आणि सिनेटची जागा डेमोक्रॅट ख्रिस कून्स यांच्याकडे गेली.

त्याच वर्षी अलास्कात सांगली घडली. सिनेटर लिसा मर्कोव्स्की प्राथमिक फेरीत जो मिलर यांच्याकडून हरल्या. पक्षाचे नेते मिलरमागे उभे राहिले. मर्कोव्स्कींचं नाव मतपत्रिकेवर छापलंच जाणार नव्हतं. मतदाराने ते स्वतःच्या हाताने लिहायचं. आडनाव असं की शाळामास्तरही अडखळावा. त्यांच्या प्रचारात नावाची स्पेलिंग छापलेले मनगटी पट्टे वाटले गेले. लाखावर लोकांनी नाव लिहिलं आणि त्या निवडून आल्या. १९५४ नंतर सिनेटला असं पहिल्यांदाच घडलं. जिंकल्यावर त्या रिपब्लिकनांतच बसल्या.

फरक एवढाच की अलास्कात त्यांना पक्षाच्या मतदारांनी नाकारलं होतं. सांगलीत विशालबद्दल मतदारांना कुणी विचारलंच नव्हतं, नाकारणं तर लांबच. आणि काकांबद्दल भाजपच्या सांगलीतल्या कार्यकर्त्याला तरी कुणी विचारलं होतं? अमेरिकन पद्धतीचे तोटे मला मान्य आहेत, पण तिथे नाराजी आधी मोजली जाते. आपल्याकडे ती थेट निकालाच्या दिवशी मोजली जाते.

तीन वाजायला ४ तास. २२ एप्रिल, सोमवार, सकाळी ११

माघारीचा दिवस. माघार घ्यायची तर लेखी सूचना द्यावी लागते. उमेदवाराने स्वतः, नाहीतर त्याने लेखी अधिकार दिलेल्या सूचकाने किंवा प्रतिनिधीने. एकदा दिली की परत घेता येत नाही.

विशालना राज्यसभा, विधान परिषद, आणखी काय काय देऊ केल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येत होत्या. काँग्रेसवर मित्रपक्षाचा दबाव होता. ‘तुमचा माणूस आवरा.’ सगळ्यांची नजर एकाच माणसाच्या खिशातल्या पेनावर.

तीन वाजायला १ तास. दुपारी २

माधवनगर म्हणजे वारांच्या नावांच्या पेठा, रेल्वे स्टेशन आणि एके काळी कापडगिरणीच्या जोरावर चाललेला संसार. एप्रिलच्या दुपारी दोनला तिथे कुत्रंही सावली सोडत नाही. त्या दिवशी टपरीवर मात्र बाक भरलेले. प्रत्येकाच्या हातात मोबाइल.

एक तरुण पोरगा, भाजपचा, खुशीत होता. “आण्णा, त्यानं माघार घेतली नाही की झालं. तिरंगी म्हणजे काका बसल्या जागी.”

आण्णा गिरणीतून निवृत्त, मत कुणाला देतात ते बायकोलाही सांगत नाहीत. त्यांनी चहा बशीत ओतला. “तिरंगी कुठाय रं? तिसरा कोण ते सांग आधी.”

“पैलवान की.”

“त्याचं बूथ कोण लावणार हितं? नाव सांग एक.”

पोराला नाव सुचेना. माधवनगर, बुधगाव, बिसूर करत त्याने मनातल्या मनात फिरून पाहिलं असावं. काँग्रेसची, राष्ट्रवादीची माणसं त्याला आठवत होती, पण ती सगळी कुणाची हे त्यालाही ठाऊक होतं.

आमच्या पक्षाच्या सगळ्या डावपेचांत हाच प्रश्न विचारायचा राहून गेला होता. विरोधकांचे उमेदवार दोन झाले म्हणजे मतं दोनांत वाटली जातात, हे २०१९ ला खरं ठरलं, कारण तेव्हा पडळकरांच्या मागे वंचितचं आणि धनगर समाजाचं स्वतःचं बळ होतं. चंद्रहारमागे होता फक्त एबी फॉर्म. कागदावरची फूट आणि पेटीतली फूट यांत फरक असतो. तो ओळखायला सर्व्हे लागत नाही, बाकावर बसावं लागतं.

दुपारी ३

माघार नाही.

चिन्हांचं वाटप झालं. विशालना लिफाफा मिळाला. मशीनवर आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत पक्षांचे आणि शेवटी अपक्ष, असा क्रम असतो. म्हणजे दादांच्या नातवाला यादीत खाली शोधावं लागणार होतं. आमच्या गोटात यावरही समाधान होतं. अलास्काच्या लोकांना अख्खं नाव लिहायला लावलं होतं, हे आठवलं असतं तर ते समाधान टिकलं नसतं.

तीन वाजून गेल्यावर

पुढचे दोन आठवडे भराभर गेले. जगतापांनी भाजप सोडून विशालना पाठिंबा दिला. कवठेमहांकाळचे माजी मंत्री अजितराव घोरपडेही तिकडेच. आणि सगळ्यात मोठा धक्का असा की वंचितने आधी रिंगणातल्याच प्रकाश शेंडगे यांना दिलेला पाठिंबा काढला आणि ती विशालमागे उभी राहिली. २०१९ ला काकांना वाचवणारी भिंत इथे पडली. तीन लाखांचं दुसरं भांडं उचलून त्याच चुलीवर ठेवलं गेलं.

काँग्रेसचं चित्र तर पाहण्यासारखं. नेते व्यासपीठावर आघाडीचे, कार्यकर्ते गल्लीत लिफाफ्याचे. भाजपच्या प्रचारात मोदींची हमी होती, चारशे पार होतं, म्हैसाळ आणि टेंभू योजनांचं पाणी होतं. पाण्याचं काम झालं हे खोटं नाही. पण सांगलीत त्या पंधरा दिवसांत लोक मोदी हवेत की नकोत यावर बोलतच नव्हते. बोलणं एकाच गोष्टीवर चालू होतं: दादांच्या घरावर अन्याय झाला. ज्यांनी हयातीत काँग्रेसला मत दिलं नाही, त्यांच्या तोंडीही ते ऐकलं. आपल्याकडे उमेदवार जिंकतो तो पुष्कळदा कुणीतरी त्याला अन्यायाचं भांडवल फुकट पुरवल्यामुळे. ते शिवसेनेने आणि काँग्रेसने मिळून पुरवलं, आणि त्याचं व्याज भाजपने भरलं.

५ मे, रविवार, संध्याकाळी ६

जाहीर प्रचार थांबला. खरा प्रचार आपल्याकडे त्यानंतर सुरू होतो.

७ मे, मंगळवार, सकाळी ७ ते संध्याकाळी ६

मतदान सुमारे ६२ टक्के. माधवनगरच्या केंद्रावर म्हाताऱ्या बायका बाहेर येऊन एकमेकींना सांगत होत्या, “खाली हाय, पाकीट.” चिन्हाचं नाव अधिकृत यादीत लिफाफा, बायकांनी त्याचं पाकीट करून टाकलं होतं. खाली असूनही सापडत होतं.

४ जून, मंगळवार, सकाळी ८

टपाली मतं, मग मशीन. दुपारपर्यंत शंका उरली नाही.

विशाल पाटील ५,७१,६६६. संजयकाका ४,७१,६१३. चंद्रहार पाटील ६०,८६०. फरक १,००,०५३. आघाडीच्या अधिकृत उमेदवाराचं डिपॉझिट जप्त, कारण झालेल्या वैध मतांच्या सहाव्या हिश्शाच्या तो जवळपासही नव्हता.

आता हे २०१९ च्या शेजारी ठेवा. काकांची मतं घटली ३७ हजारांनी. पाच लाखांतून ३७ हजार म्हणजे सुनामी नव्हे. विशाल आणि चंद्रहार यांची बेरीज ६,३२,५२६. पाच वर्षांपूर्वी विशाल आणि पडळकर यांची होती ६,४४,८७७. म्हणजे विरोधातला मतदार वाढला नाही, उलट थोडा कमीच झाला. तो फक्त एका ठिकाणी गोळा झाला, तेही त्याच्या नेत्यांनी त्याला दोन ठिकाणी जायला सांगितलेलं असताना. मोदीविरोधी लाट, संविधान बदलण्याची भीती, कांदा, आरक्षण ही राज्यभरची कारणं असतील. महाराष्ट्रात भाजप २३ वरून ९ वर आला त्यामागे ती असतीलही. सांगलीत मला ती शोधावी लागत नाहीत. इथे पराभव २०१९ च्या विजयातच लिहिलेला होता, फक्त कुणी बेरीज केली नाही.

६ जूनला विशाल पाटील दिल्लीत खर्गे, सोनिया आणि राहुल गांधींना भेटले आणि काँग्रेसला पाठिंब्याचं पत्र दिलं. काँग्रेसचे ९९ होते, शंभर झाले. ज्या पक्षाने फॉर्म दिला नाही, त्याची शंभरी त्यांनीच भरली.

त्यानंतर

काकांनी भाजप सोडून अजित पवारांची राष्ट्रवादी गाठली. नोव्हेंबरच्या विधानसभा निवडणुकीत तासगाव-कवठेमहांकाळला ते आर. आर. आबांच्या मुलाकडून, रोहित पाटलांकडून हरले. सहा महिन्यांत दुसऱ्यांदा.

त्याच नोव्हेंबरात सांगली विधानसभेला काँग्रेसमध्ये पुन्हा बंड झालं. अधिकृत उमेदवार पृथ्वीराज पाटील, बंडखोर जयश्रीताई पाटील, आणि त्यांच्यामागे खासदार विशाल. या वेळी भाजपचे सुधीर गाडगीळ ३६,१३५ मतांनी निवडून आले आणि आमच्या टपरीवर लगेच निष्कर्ष निघाला: बघा, फुटले की आपण जिंकतो. आण्णांनी कागदावर आकडे लिहायला लावले. गाडगीळ १,१२,४९८. पृथ्वीराज ७६,३६३. जयश्रीताई ३२ हजारांच्या पुढे. बेरीज केली तर दोघं मिळूनही गाडगीळांच्या खालीच. गाडगीळ फुटीमुळे जिंकले नव्हते, त्यांची स्वतःची मतं होती म्हणून जिंकले. पोराला ते पटलं नाही. तो म्हणाला, फूट तर होतीच ना.

२०२५ च्या जूनमध्ये चंद्रहार पाटील शिंदेंच्या शिवसेनेत गेले. त्याच महिन्यात जयश्रीताई भाजपात आल्या, आणि त्यापाठोपाठ पृथ्वीराज पाटीलही. पक्षाच्या कार्यालयात आता पुन्हा बेरजा चालू आहेत, आणि त्यांत प्रत्येक नेत्याच्या नावापुढे त्याची मागच्या वेळची मतं धरलेली आहेत.